पहिली पेंढी आणि शेताचा कोपरा

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा तेविसावा अध्याय म्हणजे प्राचीन इस्राएलाच्या सणांचे पंचांग आहे. शब्बाथ, वल्हांडण, हंगामातील पहिल्या पेंढीचे अर्पण, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा सप्ताहांचा सण, पुढे कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि शेवटी मांडवांचा सण असा त्याचा क्रम आहे. कोणत्या दिवशी कोणते काम वर्ज्य, किती कोकरे आणि किती सपीठ वाहायचे, याचा बारीक तपशील त्यात दिलेला आहे. या तपशिलाच्या ऐन मध्यावर, सप्ताहांच्या सणाच्या बलिदानांची यादी संपते न संपते तोच, बाविसाव्या वचनात एक निराळी आज्ञा येते: पीक कापताना शेताचे कोपरे झाडून कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. पुढच्याच वचनापासून पुन्हा सणांची यादी सुरू होते. वरवर वाचणाऱ्याला ही आज्ञा भलत्या जागी पडल्यासारखी वाटते, कारण चार अध्याय आधी, सामाजिक नियमांच्या ओघात, ती एकदा सांगून झालेली आहे. मला मात्र ती मुद्दाम येथे पुन्हा सांगितली आहे असे वाटते. दहाव्या वचनात पहिली पेंढी देवापुढे आणायला सांगणारे नियमशास्त्र बाविसाव्या वचनात शेवटचा कोपरा गरिबासाठी सोडायला सांगते, आणि या दोन आज्ञांच्या मधे शेतकऱ्याचा सगळा हंगाम बसतो. पहिली आज्ञा पाळून दुसरी सोडणाऱ्याचा सण अपुरा राहतो, हे त्या अध्यायाच्या रचनेतूनच उघड होते.

आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजाने पहिल्या आज्ञेची आठवण मोठ्या प्रेमाने जपली आहे. वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत आगेरा हा हंगामाचा सण साजरा होतो, गोव्यात भाताची नवी कणसे नोवें या नव्या पिकाच्या सणाच्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादली जातात, आणि महाराष्ट्रातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाजीपाला, फळे वेदीसमोर आणून ठेवतात. या सणांचे सौंदर्य मी मानतो आणि ते टिकावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझा प्रश्न दुसऱ्या अर्ध्याविषयी आहे. देवापुढे आणलेल्या पहिल्या पेंढीसोबत शेताचा कोपरा कोणासाठी सोडला, हे विचारण्याची रीत आपल्या उपासनेत उरलेली नाही, आणि ती नसल्यामुळे औदार्याविषयीची बायबलची शिकवण आपल्या हातून हळूहळू आशीर्वाद मिळवण्याच्या शिकवणीत बदलत चालली आहे.

या कोपऱ्याच्या नियमात नेमके काय सांगितले आहे, ते आधी नीट पाहिले पाहिजे. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय तो अधिक विस्ताराने मांडतो: शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला परत जाऊ नये, जैतुनाची झाडे एकदा झोडपल्यावर पुन्हा फांद्या तपासू नयेत, द्राक्षमळ्यात तोडणी झाल्यावर मागे राहिलेले घड शोधू नयेत, जे उरेल ते उपरी, अनाथ आणि विधवा यांचे. या साऱ्या मांडणीत दात्याच्या मनाच्या मोठेपणाचा उल्लेख कोठेही नाही. मालकाने दया यावी म्हणून द्यायचे नसून, त्या भागावर त्याचा हातच पोहोचू नये असा हा बंदोबस्त आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात या कोपऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सोडायच्या भागाला वरची मर्यादा घातलेली नाही, पण तो साठाव्या भागापेक्षा कमी असू नये असे बजावले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका गरिबाला वेचू देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा मालक गरिबांना लुबाडतो, असे तेथे म्हटले आहे. लुबाडणूक हा शब्द परक्याच्या मालकीच्या वस्तूबाबतच वापरता येतो. म्हणजे त्या कोपऱ्यातले धान्य कापणीच्या आधीपासूनच गरिबाचे मानलेले होते, आणि ते कोणी न्यावे हे ठरवण्याचा अधिकारही शेतमालकाकडे नव्हता.

रूथची गोष्ट या नियमाच्या पायावर उभी आहे. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परत येते, सोबत तिची विधवा सून रूथ असते, आणि सातूच्या कापणीच्या दिवसांत रूथ परक्या गावातल्या शेतात सरवा वेचायला जाते. ती मवाबी आहे, हे त्या पुस्तकाचा लेखक पुन्हा पुन्हा सांगत राहतो, आणि त्याला कारण आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारलेला आहे. मंडळीत येण्याची परवानगी नसलेली ही बाई शेतात मात्र हक्काने शिरते, कारण शेताचा नियम उपऱ्याला ओळखतो. शेताचा मालक बवाज तिला आपल्याच शेतात राहायला सांगतो, गडी तिला त्रास देणार नाहीत याची तजवीज करतो, जेवणाच्या वेळी आपल्या माणसांच्या पंगतीत बसवून भाजलेले कणीस देतो आणि पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्या, असे गड्यांना सांगून ठेवतो. रूथ संध्याकाळपर्यंत राबते, वेचलेले झोडपते, तेव्हा सुमारे एक एफा, म्हणजे वीसेक लिटर सातू तिच्या पदरी पडतो. औदार्य येथे नियमाच्या पुढे एक पाऊल टाकते. पण त्या पावलाखालची जमीन नियमानेच तयार केलेली आहे. बवाज भला माणूस नसता तरी रूथ उपाशी राहिली नसती. यहुदी परंपरेत हे पुस्तक सप्ताहांच्या सणाला वाचतात. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात सण आणि कोपरा एकत्र आले, तीच सांगड तेथे आजही जपलेली दिसते.

दिलेले खाऊन माणसे आळशी होतात, ही तक्रार जुनी आहे, आणि तिच्या पुष्टीसाठी थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले, जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये, हे वचन हमखास पुढे केले जाते. प्रेषित पौलाने ते कामाला तयार नसलेल्यांविषयी लिहिले आहे. काम न मिळणाऱ्यांना किंवा काम करण्याची ताकद नसलेल्यांना ते लावणे म्हणजे त्याच्या शब्दांवर अन्याय करणे होय. दिवसभर उन्हात वाकून सरवा वेचणाऱ्या रूथपुढे तर ही तक्रार टिकतच नाही.

आता दशमांशाकडे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याकडे वळतो, कारण औदार्यावरची बहुतेक प्रवचने तेथेच येऊन थांबतात. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातले दहावे वचन मराठी ख्रिस्ती माणसाला तोंडपाठ असते: सगळा दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडून तुमच्यावर आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही याची प्रतीती पाहा. गेल्या काही दशकांत समृद्धीची सुवार्ता सांगणाऱ्या उपदेशकांनी या वचनाला एका व्यवहाराचे रूप दिले आहे. आधी द्या, मग अनेक पटींनी मिळेल. मिळाले नाही तर तुमचा विश्वास कमी पडला. कर्जात बुडालेली, आजारपणाने खचलेली कुटुंबे या भरवशावर हातातले शेवटचे पैसे अर्पण करतात, आणि हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. त्या उपदेशातून वगळलेली एक गोष्ट त्याच वचनात ठळकपणे लिहिलेली आहे: माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून दशमांश आणा. भांडार हे धान्याचे कोठार होते. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात त्याचा कारभार दिसतो. मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना त्यांचा वाटा मिळेनासा झाला म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. तेव्हा नहेम्याने धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दशमांश पुन्हा कोठारात आणवला आणि वाटपासाठी विश्वासू ठरलेली माणसे नेमली. आणलेले वाटले जावे, यासाठी ते कोठार होते.

मलाखीच्या दहाव्या वचनाच्या आधी पाचवे वचन येते, ते तर क्वचितच कोणी वाचून दाखवतो. त्यात देव न्यायासाठी जवळ येणार असल्याचे सांगून मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथ यांच्यावर जुलूम करणारे, उपऱ्याचा हक्क हिरावणारे यांच्याविरुद्ध आपण साक्षी होऊ, असे म्हणतो. दशमांश बुडवण्याचा आरोप या आरोपांच्या पाठोपाठ येतो, आणि दोन्ही मिळून एकच खटला तयार होतो. शिवाय दशमांशाचा मूळ नियम अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात पाहिला तर असे दिसते की दर तिसऱ्या वर्षी सगळा दशमांश गावाच्या वेशीच्या आत साठवून ठेवायचा होता. ज्याला जमिनीत वाटा नाही तो लेवी, आणि त्याच्यासोबत उपरी, अनाथ, विधवा यांनी येऊन तृप्त होईपर्यंत खावे, म्हणजे परमेश्वर तुझ्या हातच्या सर्व कामाला आशीर्वाद देईल, असे ते कलम संपते. आशीर्वादाचे वचन तेथे आहेच, ते मी नाकारत नाही. परंतु ते गरिबाचे पोट भरण्याच्या अटीला जोडलेले आहे. अब्राहामाला दिलेल्या वचनाची घडणही अशीच आहे: तुला आशीर्वाद देईन, आणि पृथ्वीवरील सर्व कुळे तुझ्या द्वारे आशीर्वादित होतील. एका घरात येऊन थांबणारा आशीर्वाद त्या वचनाला ठाऊक नाही.

याच संदर्भात मंदिरातल्या गरीब विधवेकडे पाहावे लागते. तिने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, टाकल्या आणि येशू म्हणाला की तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले, कारण इतरांनी आपल्या भरपूर संपत्तीतून टाकले आणि तिने आपली सारी उपजीविका टाकली. तिच्या समर्पणाचा आदर प्रत्येक वाचकाला वाटतो. परंतु मार्काच्या बाराव्या अध्यायात या प्रसंगाच्या लगेच आधी येशू विधवांची घरे गिळंकृत करून दिखाव्यासाठी लांब प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो, आणि प्रसंगाच्या लगेच पुढे त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगतो. ज्या व्यवस्थेने विधवेच्या ताटात काही घालायचे, ती तिच्या शेवटच्या दोन टोल्या घेऊन मोकळी झाली, हे शुभवर्तमानकाराने प्रसंगाच्या मांडणीतून दाखवले आहे, असे माझे मत आहे. गरिबांकडून अधिक अर्पण मिळवण्यासाठी या विधवेचे उदाहरण वापरणाऱ्याने आधीच्या तीन वचनांचे उत्तर दिले पाहिजे.

नव्या करारातल्या मंडळीने पैशाचा व्यवहार कसा केला, हे पौलाच्या वर्गणीवरून सविस्तर कळते. यरुशलेममधल्या गरिबीत सापडलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया, अखया आणि गलतिया येथील मंडळ्यांकडून मदत गोळा केली. करिंथकरांस सांगितले की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो आपला हेतू उघड करतो: इतरांना सुख आणि तुम्हाला ओढाताण असा माझा उद्देश नाही, तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, पुढे त्यांच्या विपुलतेतून तुमची, आणि अशी समानता यावी. आधाराला तो रानात देवाने इस्राएलाला दिलेल्या मान्ना या अन्नाची गोष्ट घेतो, जेथे फार गोळा करणाऱ्याला जास्त झाले नाही आणि थोडे गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. याच अध्यायात पुढे तो रकमेच्या हिशेबाविषयी बोलतो. या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, असे म्हणून तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले येशूचे वचन आपण हिशेब न देण्यासाठी वापरतो, तेव्हा मत्तय आणि पौल यांना एकमेकांसमोर उभे करतो. झाकायचे ते दात्याचे नाव. जमा आणि खर्च उघडा असणे हे प्रेषिताला आपले कर्तव्य वाटले होते. प्रत्यक्षात आपल्याकडे याच्या उलट घडते: देणगीदारांची नावे संगमरवरी पाट्यांवर कोरली जातात आणि हिशेबाचा ताळेबंद विचारणारा माणूस विश्वासात दुबळा ठरतो.

औदार्याच्या प्रश्नावर ख्रिस्ती समाजाबाहेरून एक आक्षेप घेतला जातो, आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. दिलेली मदत धर्मांतराच्या अपेक्षेने दिलेली असते, हा तो आक्षेप. महाराष्ट्रात त्याला इतिहास आहे. शारदा सदनातल्या मुली पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी स्वतः १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. भुकेची ही ओळख घेऊनच त्या १८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या, तेथून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, आणि केडगावला शेती, विणकाम, छपाई असे उद्योग शिकवत त्यांना उभे केले. रमाबाईंच्या या कार्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही आक्षेपातला मूळ प्रश्न खरा आहे असे मी मानतो, कारण उपाशी माणसाने दिलेला होकार मोकळ्या मनाने दिलेला आहे की नाही, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. बायबलच्या बाजूने याचे उत्तर स्पष्ट आहे. कोपऱ्यातले धान्य वेचणाऱ्याला त्याचा देव कोण, हे विचारायची सोय नियमात नाही. अलीशा या संदेष्ट्याने आपल्या सांगण्यावरून कोडातून बऱ्या झालेल्या अरामी सेनापती नामानाकडून काहीच घेतले नाही, आणि येशूने शिष्यांना पाठवताना सांगितले की तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या. मदतीला अट जोडणारा ख्रिस्ती माणूस आपल्या टीकाकारांच्या आधी आपल्याच शास्त्रापुढे दोषी ठरतो. मदत फक्त आपल्या मंडळीच्या सभासदांना देऊन थांबणाराही फार वेगळा नाही. गलतीकरांस पत्रात विश्वासाच्या घराण्यातील लोकांचे विशेष बरे करा असे लिहिले आहे खरे, पण त्याच वाक्याचा आरंभ सर्वांचे बरे करा असा आहे.

दुसरा आक्षेप आतून येतो: देवाला संतोषाने देणारा आवडतो असे शास्त्र म्हणते, मग औदार्याला नियमाची चौकट कशी घालता येईल? याच्याशी मिळताजुळता प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले. मिश्नाचा साठावा भाग टक्केवारीत मांडला तर तो याच्या जवळपासच येतो, आणि म्हणून हा कायदा मला स्वागतार्ह वाटतो. परंतु त्यात कंपनी आपल्या पसंतीचे काम निवडते, आपल्या पसंतीचे गाव निवडते आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावते. बवाजाला यापैकी काहीही करता आले नसते. संतोषाने देणे आणि बांधील असणे यांत मला विरोध दिसत नाही. पौलानेच रोमकरांस पत्रात याच वर्गणीविषयी दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत: देणाऱ्यांना ते बरे वाटले, आणि ते त्यांचे ऋणीही होते.

पगारावर जगणाऱ्या माणसाचे शेत कोठे आणि त्याचा कोपरा कोणता, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. माझ्या मते त्याची सुरुवात दानाच्या आधी, मजुरीपासून होते. अनुवादात कोपऱ्याच्या नियमाच्या काही वचने आधी मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे सांगितले आहे, आणि याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. घरकामाला येणाऱ्या बाईला आजारपणात पगारी रजा न देता रविवारी दशमांश देणारे घर मलाखीच्या पाचव्या वचनात सापडते. मंडळीच्या आवारात झाडलोट करणारा, रखवाली करणारा माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर ती मंडळी त्याच वचनात सापडते, आणि तिच्या नव्या इमारतीचा निधी तिला तेथून सोडवू शकत नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक विचारतात की आम्ही उपास केला तरी देव पाहत का नाही, तेव्हा उत्तर येते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या कामकऱ्यांना पिळता. मजुरीचे देणे चुकते केल्यानंतर जे आपले म्हणून उरते, त्यातला कोपरा सोडायचा आहे.

तिसऱ्या वर्षाचा दशमांश वाटून झाल्यावर शेतकऱ्याने देवापुढे उभे राहून काय बोलायचे, ते अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात शब्दशः दिलेले आहे. आपल्या घरातला पवित्र भाग आपण काढून आणला आहे, तो लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना दिला आहे, देवाची कोणतीही आज्ञा मोडलेली किंवा विसरलेली नाही, हे त्याने आधी जाहीर करायचे. एवढे बोलून झाल्यावरच, पंधराव्या वचनात, स्वर्गातून खाली पाहा आणि आपल्या लोकांना व या भूमीला आशीर्वाद दे, अशी विनंती त्याच्या तोंडी येते. आपल्या मंडळ्यांनी हंगामाच्या उपासनेत एवढाच बदल करावा, असे मी सुचवतो: वर्षभरात आलेल्या अर्पणातून किती भाग जातधर्म न पाहता गरजूंकडे गेला आणि मंडळीच्या सेवकांना वेतन किती दिले, हे आकड्यांसह सर्वांसमोर वाचून दाखवावे, त्यावर कोणालाही प्रश्न विचारता यावा, आणि आशीर्वादाची प्रार्थना त्या वाचनानंतर व्हावी.